वाचकांचे प्रश्न : जुन्या शेव्हर्लेच्या मागच्या चाकाची कमान कापावी का?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. माझ्याकडे १९५१ सालची शेव्हर्ले स्टाइललाइन आहे. आधीच्या मालकाने ती बरीच खाली बसवली असल्याने मागच्या मडगार्डची कड टायरवर खूप खाली येते आणि चाक काढताना हाल होतात. ओळखीचा एक कारागीर ही कड गोल कापून चाक पूर्ण उघडे करून देतो म्हणतो. हे करावे का, आणि करायचे झाल्यास काय पाहावे?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : चाक निघत नाही एवढ्याच कारणासाठी पत्र्याला हात लावू नका. जॅक मागच्या ॲक्सलखाली लावला, की चाक मडगार्डच्या आतच राहते. त्याऐवजी गाडी चेसीखालून उचलून पक्क्या स्टँडवर टेकवली, तर पाट्यांवरचा (मागच्या स्प्रिंगांवरचा) भार उतरतो, ॲक्सल खाली लोंबते आणि बहुतेक वेळा टायर कडेखालून बाहेर येतो. अशा ठेवणीच्या गाड्यांचे चाक काढण्याची हीच रीत आहे.

देखणेपणासाठी कमान बदलायची असेल, तर आधी या गाडीची घडण समजून घ्यायला हवी. अमेरिकेतील १९४०च्या दशकाच्या अखेरच्या आणि पन्नाशीच्या सुरुवातीच्या कस्टम, म्हणजे मालकाच्या आवडीप्रमाणे बदलून घडवलेल्या, गाड्यांमध्ये मागचे चाक उघडे करण्यापेक्षा झाकण्याकडे ओढा होता. लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुड येथील बॅरिस यांच्या कारखान्यात बॉब हिरोहाता यांच्यासाठी घडवलेली १९५१ची मर्क्युरी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. तिच्या मागच्या चाकांवर स्कर्ट, म्हणजे चाक झाकणारे पत्रे आहेत आणि त्यामुळे गाडीचे अंग मागे निमुळते होत सलग वाहत गेल्यासारखे दिसते. उघड्या गोल कमानीची आवड त्यानंतर वाढली. १९५३च्या ब्युइक स्कायलार्कमध्ये तर कारखान्यानेच चाकांच्या कमानी पूर्ण गोल करून तारांची चाके दिमाखात उघडी ठेवली होती. ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतराच्या वेगस्पर्धेच्या, गाड्यांची कापाकापी वेगळी. तिथे रुंद टायर बसवायचा असतो आणि दिसण्याचा विचार मागाहून येतो.

स्टाइललाइनचे मागचे मडगार्ड हा अंगावर उमटलेला स्वतंत्र फुगवटा आहे. त्यात पूर्ण वर्तुळ कापले, तर टायरच्या वर पत्र्याची चिंचोळी पट्टी तेवढी उरते आणि गाडीचा मागचा भाग वजन हरवल्यासारखा दिसू लागतो. म्हणून कमान अर्धीच वर न्यावी, तिचा माथा किंचित चपटा ठेवावा आणि पुढच्या कमानीच्या वळणाशी तिचा मेळ घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजूने पाहणाऱ्याची नजर दोन्ही कमानी एकत्रच तोलते. पुढची कमान तशीच ठेवून मागची अगदी वेगळ्या वळणाची केली, तर काम कितीही सफाईदार असले तरी ते खटकत राहते.

तुमचे मोठे सुदैव असे, की या गाडीची मागची मडगार्डे बोल्टने बसवलेली आहेत. तुमच्याच सालाची आणि मॉडेलची दुसरी जोडी शोधा, ती कापा आणि मूळ जोडी तेल लावून जपून ठेवा. या एका सल्ल्यावर मी सर्वांत अधिक भर देईन, कारण सत्तर वर्षे टिकलेला कारखान्याचा पत्रा एकदा कापला की तो पुन्हा मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडीची उंची, चाके आणि टायर कायमचे ठरल्याशिवाय रेघ मारू नका. गाडी सपाट जमिनीवर, तिच्या चारही चाकांवर उभी असावी. वळण आधी बारीक चिकटपट्टीने आखावे, दूर जाऊन बाजूने आणि तिरक्या कोनातूनही पाहावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे. मागच्या आसनावर माणसे आणि डिकीत सामान असताना टायर किती वर येतो, हेही याच वेळी तपासावे. ठरलेल्या वळणाचा पुठ्ठ्याचा साचा करून तो दुसऱ्या बाजूला उलटा लावावा; मात्र जुन्या गाडीची दोन्ही मडगार्डे तंतोतंत सारखी असतीलच असे नाही, म्हणून मापे मडगार्डच्या काठापासून न घेता दाराच्या कडेपासून आणि जमिनीपासून घ्यावीत.

खरी कसोटी कडेची असते. कारखान्याची कड आत दुमडलेली असल्यामुळेच मडगार्डाला ताठपणा येतो. ती कापून टाकली की उरलेला पत्रा हाताने दाबला तरी लवतो आणि धावताना थरथरतो. एक मार्ग म्हणजे मूळ कड अखंड पट्टीसारखी कापून घेणे, नव्या वळणासाठी तिला जागोजागी चिरा देणे आणि वर नेऊन जोडणे. दुसऱ्या मार्गात रेघेच्या खाली सुमारे १२ ते १५ मिलिमीटर पत्रा राखून तो हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) आत वळवतात. अशा वळणावर दुमडताना पत्रा ताणला जातो आणि घाई केली की काठ फाटतो, म्हणून एकाच जागी जोर न लावता संपूर्ण लांबीवर थोडे थोडे वळवत जावे लागते. तिसरी, जुन्या कारागिरांची आवडती रीत म्हणजे ६ मिलिमीटरची गोल सळई वळवून काठाला जोडणे. तुमच्या कारागिराचा हात कोणत्या रीतीवर बसला आहे, हे विचारा आणि त्याचे जुने काम आतल्या बाजूने पाहा.

वेल्डिंग सलग ओढू देऊ नये. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये पत्रा थंड होऊ द्यावा. नाहीतर उष्णतेने मडगार्डावर लाटा उठतात आणि त्या पुटीखाली लपवाव्या लागतात. पुटीऐवजी जुन्या पद्धतीने सांध्यांवर वितळलेले शिसे भरणार असाल, तर ते फाइलनेच उतरवावे. ग्राइंडरने उडणारी शिशाची धूळ घातक असते. शेवटी मडगार्ड आणि आतली चाकपेटी यांच्यामध्ये नव्याने पडलेली फट पत्र्याने बुजवून सांधे सीलरने बंद करावेत. हे राहिले, तर टायरने उडवलेला चिखल आत साचतो आणि रंगाला धक्का न लागता पत्रा आतून गंजत जातो.

प्रश्न : आमच्या आजोबांची १९५०च्या सुमाराची शेव्हर्ले अजून घरी आहे. तिच्या मागच्या कमानी अशा गोल करता येतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करू नयेत. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करीत असे. तुमची गाडी तिथली असण्याची शक्यता आहे. व्हिंटेज वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी त्या वर्गात नोंदवायची असेल, तर ती मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधने घालते. कापलेल्या कमानीमुळे नोंदणीच्या वेळी नसती अडचण ओढवून घेण्यात अर्थ नाही.

गाडीचा मागचा भाग अधिक देखणा करायचाच असेल, तर त्या काळी शेव्हर्लेचे विक्रेते जोडसामान म्हणून विकत असलेले चाकाचे स्कर्ट शोधा. ते काढता-घालता येतात आणि त्यांच्यासाठी पत्रा कापावा लागत नाही. त्याआधी मडगार्ड आणि बॉडी यांच्या सांध्यातली पट्टी बोल्ट सैल करून काढून पाहा. पावसाचे पाणी तिच्यामागे धरून राहते आणि या गाड्यांना गंज बहुधा तिथूनच लागतो.