लागलं की लावून घेतलं?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. सोसायटीतल्या सत्यनारायणाच्या पंगतीत, विदर्भातून नव्याने राहायला आलेल्या त्यांच्या शेजारीण सहज म्हणाल्या, "आमच्याकडे वरणात गूळ नसतो घालत." समोरच्या बाईंनी हातातला घास तसाच ठेवला. "म्हणजे आमचं जेवण मिळमिळीत, असंच ना?" आणि तिथून पाव तास, बाहेरून येणाऱ्यांनी आधी इथली रीत शिकावी यावर त्या बोलत राहिल्या. असं साध्या बोलण्यावर राग मानून आपलंच मत पुढे रेटणं, याला मराठीत काय म्हणायचं? कुरापत, खुसपट की वितंडवाद?

यातला पहिला शब्द उलट्या दिशेचा आहे. कुरापत काढणारा स्वतः दुसऱ्याला डिवचतो. इथे मात्र बाईंचं म्हणणं, मलाच डिवचलं. खुसपट काढणाऱ्याला समोरच्या गोष्टीत बारीकशी का होईना, खोट दाखवावी लागते. "आमच्याकडे नसतो घालत" यात खोट ती कसली काढणार?

वितंडवाद हा शब्द आपण कुठल्याही निष्फळ वादाला लावतो आणि रोजच्या बोलण्यात ते चालून जातं. पण न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वितंडेची व्याख्याच अशी आहे की तिच्यात स्वतःचा पक्ष मांडायचा नसतो, नुसतं समोरच्याचं मोडायचं असतं. या बाईंना तर पक्ष मांडायचाच होता. त्याच सूत्रांत याहून जवळचा शब्द आहे, छल. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांना चिकटवून त्याचं म्हणणं पाडायचं, तो छल. त्या सूत्रांवरच्या भाष्यातलं जुनं उदाहरण 'नवकम्बल' या शब्दाचं. या मुलाकडे नवी घोंगडी आहे, असं कुणी म्हणतो आणि ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असं धरून विचारतो, कुठे आहेत नऊ? हा वाक्छल. दुसरा सामान्यछल, त्यात साधं विधान नको इतकं ताणून त्यातून भलताच अर्थ काढायचा. "आमच्याकडे गूळ नसतो"चं "तुमचं मिळमिळीत" झालं, ते असंच ताणून. युक्ती ओळखायला हा शब्द पक्का आहे, पण पंगतीतल्या बोलण्यात तो कोण वापरणार? शिवाय छलात रागाचा भाग नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा जीव तर त्या रागातच आहे.

रागाच्या बाबतीत आपली क्रियापदं फार नेमकी आहेत, आणि मला त्यांचा खरंच अभिमान वाटतो. "मला लागलं" म्हणताना मी काही करत नाही, जे होतं ते मला होतं. ठेच लागते, तसा शब्द लागतो. "तिने लावून घेतलं" म्हटलं की चित्र पालटतं. लागणेचं लावणे झालं, म्हणजे करणारी व्यक्ती आली. आणि पुढच्या 'घेणे'ने ती क्रिया स्वतःकडे ओढली. राग येतो, पण राग धरतात. वाईट वाटतं, पण वाईट वाटून घेतात. शब्द सुटला तो लागण्यासाठी नव्हता, ऐकणारीने तो उचलून अंगाला लावला, एवढं सगळं एका 'घेणे'त मावतं.

तरी लावून घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हेतू असतो असं नाही. हळवी माणसं लावून घेतात आणि गप्प होतात, दोन दिवस जेवत नाहीत. चारचौघांत आवाज चढवून अन्याय झाल्याची बोंब मारणं, तीही अन्याय झालेला नसताना, याला अस्सल मराठी शब्द कांगावा. असं सतत करणारा कांगावखोर. तुमच्या प्रसंगाला एकच नाम हवं असेल तर हेच घ्या. आणि ती व्यक्ती आधीपासून संधीच शोधत होती असं सांगायचं असेल, तर "निमित्तालाच टेकली होती" म्हणा. टेकणे या शब्दात ती तयारी, ते काठावर येऊन थांबणं बरोबर दिसतं.

कांगावा म्हणताना मात्र एक अडचण आहे. त्या शब्दाने दुखणंच खोटं ठरवलं जातं. तुमच्या शेजारणीने कुणाला दुखवलं नाही, हे उघड आहे. पण त्या दुसऱ्या बाईंच्या हातच्या स्वयंपाकाला पूर्वी कुणी खरंच मिळमिळीत म्हणून हिणवलं असेल, तर ते पंगतीत बसलेल्या कुणाला दिसणार? म्हणून तुमच्या वाक्यात मी "गुळाचं निमित्त करून त्या बोलल्या" एवढंच लिहीन. यात शेजारणीवरचा आळ दूर होतो, मत रेटलं हेही कळतं, आणि त्यांच्या मनात आधीपासून काय होतं त्याबद्दल आपण काहीच ठरवून टाकत नाही.