जुन्या चित्रावर पुन्हा हात फिरवताना

मिश्रमाध्यमातील, म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद, वाळू अशी वेगवेगळी साहित्ये वापरणाऱ्या, चित्रकामाविषयी या वेळी आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा डोकावतो: स्टुडिओत, माळ्यावर किंवा पलंगाखाली साठलेल्या जुन्या चित्रांचे काय करायचे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील पाचांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: महाविद्यालयात असताना तैलरंगात केलेली काही निसर्गचित्रे माझ्याकडे आहेत. कॅनव्हास अजून उत्तम आहे. त्यांच्यावर जेसोचा (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचा) हात मारून वर ॲक्रिलिक आणि कागदी कोलाज करण्याचा विचार आहे. चालेल का? (नाशिक)

चालणार नाही, निदान जे चित्र विकायचे किंवा टिकवायचे आहे, त्यावर तरी चालणार नाही. तैलरंग वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जात नसते, कारण त्यात पाणी नसतेच. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषत हळूहळू कडक पापुद्र्यात बदलते. वर्षानुवर्षे असा मुरलेला थर गुळगुळीत आणि पाण्याला दाद न देणारा होतो. ॲक्रिलिक जेसो पाण्यात कालवलेला असतो, त्यामुळे तो अशा थरावर पहिल्या दिवशी छान बसल्यासारखा दिसला, तरी त्याला धरून राहायला खाली काही नसते आणि पुढे कधीतरी कडेला नख लागले की तो सालपटासारखा सुटू लागतो. त्यावर चिकटवलेला कोलाजचा कागद तर वाळताना आकसतो आणि खालचा कच्चा थर स्वतःबरोबर ओढतो. उलटा क्रम, म्हणजे खाली ॲक्रिलिक आणि वर तैलरंग, चालतो. मात्र एकदा तैलरंग आला की पुन्हा ॲक्रिलिककडे परतता येत नाही.

एखादे चित्र नक्की कोणत्या रंगात केले होते हे आठवत नसेल, तर कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चित्राच्या अगदी कडेला हलक्या हाताने फिरवून पाहावे. ॲक्रिलिक मऊ पडून बोळ्यावर उतरते, तर पूर्ण मुरलेला तैलरंग सहसा इतक्या सहज उतरत नाही. वॉर्निश मारलेले असल्यास आधी तेच सुटेल, म्हणून पहिल्या बोळ्यावरून निष्कर्ष काढू नये.

तुमच्यापुढे दोन प्रामाणिक मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे तैलरंगातच राहणे: पृष्ठभाग पाण्याच्या पॉलिश पेपरने ओला ठेवून हलका घासावा, पूर्ण वाळू द्यावा, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन जादाचे तेल पुसून घ्यावे आणि मग काम सुरू करावे. कोरडे घासू नये, कारण कॅडमियम किंवा शिसे असलेल्या रंगांची धूळ श्वासावाटे आत जाणे चांगले नाही; ओले घासतानाही मास्क लावावा. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. कॅनव्हास चौकटीवरून उतरवावा, हवे तेवढे भाग कापावेत आणि ते तुकडेच नव्या लाकडी फलकावर कोलाज म्हणून लावावेत. कॅनव्हासची मागची बाजू सहसा कोरी आणि शोषक असते, त्यामुळे ॲक्रिलिक जेल (चिकटवण्यासाठीही वापरतात तो घट्टसर पदार्थ) तिला घट्ट धरते, आणि पुढचा तैलरंग जसा आहे तसाच राहतो. ज्या निसर्गचित्रावर तुम्ही जेसो फासून ते पुसून टाकणार होता, त्याचे आकाश किंवा झाडाचा एखादा तुकडा अशा रीतीने नव्या चित्रात स्वतःच्या रंगासकट येतो.

प्रश्न: जुन्या चित्रांवर पुन्हा काम करणे म्हणजे नवे काही सुचत नसल्याची कबुली आहे, असे माझे एक ज्येष्ठ चित्रकार स्नेही म्हणतात. आपले मत काय? (पुणे)

त्यांचा मान राखून सांगतो की हे मत मला पटत नाही, आणि त्याचे कारण म्हणून एकाच चित्रकर्तीचे उदाहरण जरा विस्ताराने मांडतो.

अमेरिकी चित्रकर्ती ली क्रॅस्नर (१९०८ ते १९८४) यांचे १९५१ साली न्यूयॉर्कच्या बेटी पार्सन्स गॅलरीत एकल प्रदर्शन झाले आणि त्यातील काहीही विकले गेले नाही. पुढे १९५३च्या सुमारास त्यांनी काळ्या-पांढऱ्या रेखाटनांनी स्टुडिओच्या भिंती भरून टाकल्या, आणि एके दिवशी ती सारी रेखाटने त्यांना इतकी नकोशी झाली की त्यांनी ती फाडून जमिनीवर टाकली व दार लावून घेतले. काही आठवड्यांनी परत आल्यावर जमिनीवर पडलेले ते तुकडे त्यांना भिंतीवरच्या मूळ रेखाटनांपेक्षा अधिक बोलके वाटले. त्यातून जी कोलाजे उभी राहिली त्यांपैकी अनेकांना आधार म्हणून त्यांनी १९५१च्या प्रदर्शनातले न विकलेले कॅनव्हासच वापरले, आणि १९५५ साली ही कोलाजे स्टेबल गॅलरीत प्रदर्शित झाली. म्हणजे पडलेल्या प्रदर्शनाची चित्रे पुढच्या प्रदर्शनाचा पाया झाली, आणि तेही शब्दशः.

त्यानंतर सुमारे दोन दशकांनी त्यांनी हेच पुन्हा केले, पण अगदी वेगळ्या मनःस्थितीत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस हान्स हॉफमन यांच्या कलाशाळेत शिकताना केलेली चारकोलची अभ्यासचित्रे त्यांच्या साठ्यात मिळाली. चारकोल पक्का केलेला नव्हता, त्यामुळे समोरासमोर ठेवलेल्या कागदांवर एकमेकांच्या उलट्या, पुसट प्रतिमा उमटल्या होत्या. क्रॅस्नर यांनी ती रेखाटने कात्रीने धारदार आकारांत कापली आणि मोठ्या कॅनव्हासवर नव्याने रचली. १९७७ साली पेस गॅलरीत मांडलेल्या या मालिकेतील चित्रांना त्यांनी व्याकरणातील काळ आणि आज्ञार्थासारखे क्रियापदाचे अर्थ यांची नावे दिली. पहिल्या वेळी रागाने फाडणे होते. दुसऱ्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यावरची एक चित्रकर्ती आपल्या तिशीतल्या हाताकडे शांतपणे पाहत होती, आणि कात्रीची प्रत्येक कड त्या पाहण्याची साक्ष देते. याला सुचत नसल्याची कबुली म्हणणे कठीण आहे.

माझ्या मते पुनर्कामाचे दोन प्रकार ओळखायला हवेत. एकात आपण जुन्या चित्राची चूक सुधारायला जातो: हात बारीक झाला आहे तो जाड करायचा, आकाश मळले आहे ते उजळायचे. अशी दुरुस्ती बहुधा फसते, कारण ज्या नजरेने ते चित्र काढले ती नजर आता आपल्याजवळ नसते आणि नव्या नजरेने लावलेले ठिगळ ठिगळच दिसते. दुसऱ्या प्रकारात जुने चित्र हे रंग, कागद आणि वाळू यांच्यासारखे साहित्य मानले जाते, आणि त्यातला कोणताही भाग झाकायला, खरवडायला किंवा कापायला मन तयार असते. ही तयारी नसेल तर त्या चित्राला हात लावू नये. केवळ लाज वाटते म्हणूनही लावू नये. लाज हे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवण्याचे कारण असू शकते, रंगवण्याचे नव्हे. आणि काहीही ठरले तरी आधी दिवसाच्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे व मागे मूळ तारीख आणि पुनर्कामाची तारीख अशा दोन्ही नोंदी कराव्यात.

प्रश्न: मी कलाशिक्षक आहे. शाळेनंतर जेमतेम दोन तास स्टुडिओत मिळतात. तो वेळ जुन्या कामाला द्यावा की नव्या? (कोल्हापूर)

मिश्रमाध्यमातला बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. जाड जेल, वाळू मिसळलेली पेस्ट किंवा ओला चिकटवलेला कागद यांना रात्रभर तरी सोडावे लागते, म्हणून एकाच चित्रावर अवलंबून राहिले की दोन तासांपैकी दीड तास रंग वाळण्याकडे पाहत बसावे लागते आणि अधीर हात ओल्या थरावर पुढचा थर चढवून बसतो. दोन-तीन फलक एकाच वेळी चालू ठेवावेत आणि त्यांपैकी एक जुना असावा. थकल्या संध्याकाळी कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागापेक्षा जुने चित्र सोपे जाते, कारण तिथे आधीच काहीतरी घडलेले असते आणि आपल्याला फक्त त्याला उत्तर द्यायचे असते. कोरा फलक सुट्टीच्या सकाळसाठी राखावा.

काही न करता नुसते बसण्यात वेळ वाया जातो, असे मात्र समजू नका. नागपूरला जन्मलेले आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे करीत. रोलर आणि नाइफने थर चढवायचे, ते पुन्हा उतरवायचे, कागदाच्या फाटक्या तुकड्यांनी ओला रंग उचलायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्यांच्या बाबतीत पुनर्काम चित्र पूर्ण झाल्यावर सुरू होत नसे. ते चित्राच्या पोटातच चाललेले असे.

प्रश्न: कोलाजमध्ये लावलेली वर्तमानपत्राची कात्रणे वर्षभरात पिवळी पडतात. उपाय काय? (सोलापूर)

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन शिल्लक असते, ते उजेडात आणि हवेत पिवळे पडते, आणि वरून कितीही मिडियम (ॲक्रिलिकचे रंगहीन, चिकट द्रावण) लावले तरी ही प्रक्रिया थांबत नाही. पिवळेपणा चित्राला मानवत असेल तर तो गृहीत धरूनच रंगयोजना करावी. नको असेल तर कात्रणाचे स्कॅन करून आम्लमुक्त कागदावर लेझर छपाई घ्यावी; साध्या इंकजेटची शाई ओल्या मिडियममध्ये पसरण्याची भीती असते. ज्यांना कागद हाताने रंगवायचा आहे त्यांनी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरावा. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून हेच काम करीत आहे.

प्रश्न: घरातील एक खोली स्टुडिओ म्हणून वापरते. पावसाळ्यात जुन्या चित्रांवर बुरशी येते, ॲक्रिलिकची चित्रे एकमेकांना चिकटतात. काय करावे? (म्हापसा, गोवा)

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हा चित्र करण्यापेक्षा चित्र सांभाळण्याचा काळ असतो. ॲक्रिलिकमधले पाणी उडून गेल्यावरच त्याचा पापुद्रा तयार होतो, आणि दमट हवेत ते उडायला फार वेळ लागतो. वरून घाईने दुसरा थर आला तर खालचे पाणी कोंडून दुधाळ धुरकटपणा राहतो. या महिन्यांत थर पातळ ठेवावेत आणि पंखा भिंतीकडे वळवून खोलीत हवा खेळती ठेवावी. ॲक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेने किंचित मऊ होते, म्हणून चित्रे एकमेकांना टेकवून ठेवू नयेत; टेकवावीच लागली तर मध्ये सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद घालावा. प्लॅस्टिकमध्ये मात्र मुळीच गुंडाळू नयेत, कारण आतली ओल बाहेर जायला वाट राहत नाही.

भिंतीवरच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की मागे हवा फिरते आणि कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकत नाही. कोलाजसाठी मैद्याची खळ वापरत असाल तर ती आधी बंद करावी. बुरशी आणि कसर या दोघांनाही तिचे आमंत्रण असते. पूर्वी खळीत मोरचूद घालत, पण त्याने कागदाला अपाय होतो. मिथाइल सेल्युलोज किंवा ॲक्रिलिक मिडियम हे अधिक सुरक्षित पर्याय आहेत.

याच पत्रात त्यांनी आणखी एक विचारले आहे: विकलेले एक चित्र कोलाज सुटल्यामुळे दुरुस्तीसाठी परत आले आहे, आणि आता ते नव्या दृष्टीने पूर्ण रंगवून द्यावेसे वाटते. तसे करू नये. चित्र ही विकत घेणाऱ्याची वस्तू आहे. सुटलेला कागद चिकटवावा, आणि त्याहून एक फटकारा जरी अधिक मारायचा असेल तरी आधी लेखी संमती घ्यावी. उलट बाजूने, मालकाने तुमच्या चित्रात तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड केली, तर कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७ नुसार विक्रीनंतरही तुम्हाला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले होते. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तुमच्या प्रकरणात मालक चांगले दिसतात, त्यामुळे एक साधे पत्र पुरेसे ठरेल.