‘वर’ नक्की कोणता?

प्रश्न : भाचीची लग्नपत्रिका वाचताना डोक्यात आलं, नवरदेव तो वर, देव देतो तोही वर आणि डबा ठेवतो तोही वर. हे सगळे एकच का? आणि मुलीला मागणी घालणाऱ्याला मराठीत वेगळा शब्द आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : डब्याचा ‘वर’ आधी बाजूला काढा, तो संस्कृत ‘उपरि’वरून आलाय, लग्नाशी त्याचं काही नातं नाही. बाकीचे दोन मात्र सख्खे भाऊ. संस्कृतात ‘वृ’ हा धातू आहे, म्हणजे मूळ क्रियापद, अर्थ निवडणे, पसंत करणे. जे पसंत करून मागायचं ते वर, कैकेयीने दशरथाकडे मागितले ना दोन, तेच, आणि जो मुलीला पसंत करून मागायला येतो तोही वर. म्हणजे तुम्ही जो शब्द शोधताय तो हाच, फक्त आपण त्याला डायरेक्ट बोहल्यावर नेऊन उभं केलंय.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ८५वं सूक्त आहे, सूर्येच्या, म्हणजे सूर्याच्या मुलीच्या लग्नाचं, ते जरूर बघा. तिथे नवरदेव सोम, त्याला म्हटलंय ‘वधूयु’, म्हणजे वधूची इच्छा धरणारा, आणि ‘वर’ म्हटलंय दोघा अश्विनांना, म्हणजे अश्विनीकुमारांना! लग्न एकाचं आणि वर दुसरेच, कारण विचारायला ते गेलेत, तेही तीन चाकांच्या रथातून. इतका सुंदर पुरावा दुसरा नाही.

निवडणारी मुलगी असली तरी धातू तोच, म्हणून स्वयंवर, म्हणून ‘तिने त्याला वरलं’. आणि नवरा म्हणजे नव अधिक वर, लग्नाला ४० वर्षं झाली तरी शब्दात नवेपण आहेच, मला हे फार आवडतं.

आता आजचं बोलाल तर ‘प्रियाराधन करणारा’ असं लिहितात पण ते पुस्तकी, बोलताना कुणी म्हणत नाही. घरात आपण म्हणतो ‘स्थळ आलंय’. मुलगा नाही, स्थळ! घराणं, शेतीवाडी, गाव सगळं त्या एका शब्दात आलं आणि मागणारा माणूस मात्र त्यातून गायब झाला, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यामुळे मुलगा स्वतः विचारायला आला असेल तर सरळ ‘त्याने मागणी घातली’ म्हणा.