आईबाबा स्क्रीनशॉटऐवजी स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून पाठवतात. वाकडेतिकडे फोटो पाहून वैताग येतो. त्यांना कसं शिकवू?

विंडोज असेल तर विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकदम दाबायला सांगा. हवा तेवढा भाग निवडायचा आणि व्हॉट्सॲप वेबवर कंट्रोल व्ही. झालं. पण शिकवायचा एवढा अट्टहास कशाला? 'वाकडेतिकडे फोटो पाहून वैताग येतो' असं तुम्ही लिहिलंय. माझा भाऊ अगदी हेच म्हणतो.

मागे मावशीला एका ऑनलाइन फॉर्ममध्ये लॉगिन होईना. तिनं उभं राहून मोबाईलनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. भावानं सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "फोटो नको, नीट स्क्रीनशॉट पाठव." तिनं प्रिंट स्क्रीनचं बटण शोधून दाबलं. काहीच झालं नाही. होतं ते दिसतच नाही ना! जुन्या विंडोजमध्ये चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागी जातं, पेंटमध्ये नाहीतर वर्डमध्ये पेस्ट करेपर्यंत त्याचा पत्ता नसतो. तिला वाटलं, बटणच बिघडलंय. सात-आठदा दाबून पाहिलं आणि मग विचारायचंच सोडून दिलं.

रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. पासवर्डच्या चौकटीत चारच ठिपके. तिचा पासवर्ड आठ अक्षरी, शेवटचे चार आकडे. खाली कीबोर्डचा कोपरा आला होता, त्यात नम लॉकचा, म्हणजे उजवीकडचे आकडे चालू-बंद करणाऱ्या बटणाचा दिवा बंद. उजवीकडच्या बटणांवरून ती आकडे टाकत होती आणि ते उमटतच नव्हते. स्क्रीनशॉटमध्ये तो दिवा आलाच नसता.

भाऊ अजून याला योगायोग म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही. अडचण नेमकी कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं दिसेल ते सगळं दाखवावं. कॉम्प्युटर पार अडकला किंवा निळी स्क्रीन आली तर स्क्रीनशॉट निघतही नाही, तिथे फोटोच लागतो.

हां, बारीक अक्षरांचं मात्र फोटोत वाटोळं होतं. स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर येऊन लाटा उमटतात. मोबाईल जरा मागे घेऊन किंवा किंचित तिरका धरून बघायला सांगा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चित्र दाबून लहान केलं जात नाही. आणि खातेनंबर झाकायला मोबाईलमधला मार्कर नको, त्याचा रंग बरेचदा अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. तेवढा भाग कापूनच टाका.

मावशीला मी सांगून ठेवलंय, फोटोच पाठवत जा, आणि कीबोर्डसकट.