पोर्श ९१४ च्या चाकांना बोल्टऐवजी स्टड बसवायचे: बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून घेतले तर चालतील का?

नाही, साध्या सळईचे तर मुळीच नकोत. स्टड म्हणजे हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) पक्का बसणारा आटेदार दांडा, त्यावर चाकाचा नट चढतो. बेळगावात लेथचं काम उत्तम होतं, पण इथे प्रश्न पोलादाचा आहे. १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) तयार स्टडच घ्या: चार बोल्टांच्या ९१४ ला एम१४×१.५ चे (१४ मिमी व्यास, आट्यांमध्ये १.५ मिमी अंतर) १६ स्टड, १६ नट.

आधी हबच्या आट्यांतून त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवा, ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या. तेलाचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा डिंक) धरत नाही, आणि नट काढताना स्टडच बाहेर येतो. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड फिरवा. हबमध्ये किमान १४ मिमी आटे बसले पाहिजेत, पण मागे टोक बाहेर येऊन कशालाही घासता कामा नये. चाक हाताने फिरवून पाहा. लाल थ्रेडलॉकर लावल्यावर २४ तास गाडी हलवू नका.

सगळ्यात जास्त चूक नटात होते. मूळ चाकाची बैठक (नट टेकतो ती जागा) गोलाकार असते. तिथे शंकूच्या बैठकीचा नट फक्त कडेवर टेकतो आणि सैल होतो. नट किमान साडेनऊ फेरे चढायला हवा. आट्यांना ग्रीस नको, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे. ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, चोर्ला घाट त्यानंतरच.