शुबर्टचे शेवटचे सोनाटा रेकॉर्ड करण्याआधी

पोरी,

तुझा मेल वाचला, फार आनंद झाला. शुबर्टचे पियानोसाठीचे शेवटचे तिन्ही सोनाटा (सी मायनर, ए मेजर आणि बी फ्लॅट, प्रत्येक चार मूव्हमेंटची म्हणजे भागांची मोठी रचना) एकत्र रेकॉर्ड करायचे म्हणजे खायचं काम नाही. या वयात हे करू नये असं तुला कुणी सांगितलंय ते मनावर घेऊ नको, लिहिणारा स्वतः ३१ वर्षांचा होता.

पण तुझं एक वाक्य मला खटकलं. हे सगळं मृत्यूच्या छायेतलं संगीत आहे आणि मला तो निरोपाचा सूर पकडायचाय, असं तू लिहिलंयस. तो नाद आधी सोड. अगदी कळकळीने सांगतोय, कारण या एका कल्पनेने या सोनाटांची किती रेकॉर्डिंग्ज जड आणि मलूल झालीत ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

सप्टेंबर १८२८ मध्ये काय चाललं होतं ते बघ ना. शुबर्ट व्हिएन्नाच्या वीडन भागात भाऊ फर्डिनांडकडे राहायला गेला होता, तब्येत बरी नव्हती हे खरं, जुनं दुखणं कित्येक वर्षांचं होतं, पण २६ सप्टेंबरला बी फ्लॅटचा सोनाटा पूर्ण केला आणि २ ऑक्टोबरला त्याने लाइपझिगच्या प्रोब्स्ट या पब्लिशरला पत्रसुद्धा टाकलं, की तीन सोनाटा तयार आहेत, पियानोवादक-संगीतकार हुमेलला अर्पण करायचेत, बऱ्याच ठिकाणी वाजवले आणि लोकांना आवडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सिमोन झेख्टरकडे काउंटरपॉइंट (अनेक सुरावटी एकत्र गुंफण्याचं शास्त्र) शिकायला गेला, आणि १९ नोव्हेंबरला वारला. शेवटच्या महिन्यात नवीन क्लास लावणारा माणूस आहे हा! पुढे छापून येईपर्यंत दहा वर्षं गेली, तोवर हुमेलही गेला होता, म्हणून पब्लिशर डिआबेलीने ते संगीतकार शुमानला अर्पण केले. म्हणजे शेवटचे हे आपण म्हणतो, त्याच्यासाठी ते ताजे सोनाटा होते आणि पुढे अजून बरंच लिहायचं होतं.

आता याचा वाजवण्याशी काय संबंध, तर बी फ्लॅटच्या पहिल्या मूव्हमेंटच्या आठव्या बारमधला (मात्रांच्या आठव्या घरातला) तो खालचा ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झरझर अदलाबदल, घे. डोक्यात मृत्यू असला की हात आपोआप तिथे ढगांचा गडगडाट करतो. लिहिलंय पियानिसिमो, म्हणजे अगदी हलक्या आवाजात. आणि तो जी फ्लॅट आहे, नुसता आवाज नाही, थोडं पुढे सुरुवातीचीच धून जी फ्लॅट मेजरमध्ये जाते आणि दुसरा विषय एफ शार्प मायनरमध्ये येतो, पियानोवर तीच पट्टी. म्हणजे शुबर्टने आठव्या बारमध्ये पुढच्या सगळ्या प्रवासाचं बी पेरून ठेवलंय, ऐकणाऱ्याला तिथे भीती वाटली नाही तरी चालेल पण सूर ऐकू आला पाहिजे. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडवर इतक्या खाली, इतक्या हलक्या आवाजात ट्रिल केला की त्याचा चिखल होतो, माइकमध्ये तर जास्तच. पियानोवादक आंद्राश शिफने १८२०च्या सुमाराच्या ब्रोडमन पियानोवर हा सोनाटा रेकॉर्ड केलाय तो ऐक, नक्कल करायला नाही, बेस किती सुटा सुटा ऐकू येऊ शकतो हे कानात बसायला. मग ट्यूनरला खालच्या त्या पट्ट्यांचं व्हॉइसिंग, म्हणजे आवाजाचा पोत, तेवढ्यासाठी तपासायला सांग, आणि तो तिन्ही दिवस हॉलमध्ये थांबेल असं आत्ताच ठरवून टाक, सकाळी ट्यून करून निघून जाणारा नको.

बी फ्लॅटच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये रिपीट घ्यायचा का, हे तू विचारलंस. पियानोवादक ब्रेंडेल एक्स्पोझिशनचा (धुनी पहिल्यांदा मांडणाऱ्या भागाचा) रिपीट घेत नसे आणि त्याने तसं का ते नीट लिहूनही ठेवलंय. रिख्टर घ्यायचा, आणि इतका संथ की एकटी पहिली मूव्हमेंट चोवीस मिनिटांच्या आसपास जायची. माझं मत विचारशील तर रिपीट घे. रिपीटकडे परत नेणारे जे नऊ बार आहेत ते रिपीट सोडला तर कुठेच ऐकू येत नाहीत, आणि तोच ट्रिल पूर्ण ताकदीने फक्त त्यातच येतो. ते नऊ बार कापायचे म्हणजे त्या ट्रिलचा अर्धा स्वभावच लपवायचा. फक्त एक कर, दुसऱ्या वेळचं एक्स्पोझिशन खरंच वाजव, एडिटमध्ये पहिल्याचीच कॉपी चिकटवू देऊ नको, ते नऊ बार ऐकल्यानंतर तीच धून तशीच वाजूच शकत नाही. आणि लेव्हल लावताना प्रोड्यूसरला आठव्या बारचा आणि या नऊ बारमधला असे दोन्ही ट्रिल वाजवून दाखव.

रिख्टरच्या संथपणाचा मोह तुला होणार, घरात विलंबित ख्याल ऐकत वाढलीयस. पण विलंबित म्हणजे सैल नाही हे तुला कुणी वेगळं सांगायला नको, लय आत चालूच असते. पहिल्या मूव्हमेंटच्या मोल्टो मोडेराटोमध्येही (अगदी मध्यम गतीतही) तसंच, मधले एट्थ नोट्स (अर्ध्या मात्रेचे सूर) चालत राहिले पाहिजेत.

थांबे मात्र पूर्ण घे. या सोनाटांचे कच्चे खर्डे टिकून आहेत आणि पक्क्या प्रतीशी ताडून बघितलं की कळतं की शुबर्टने नंतर जागा वाढवल्या, विराम घातले, म्हणजे ती शांतता विचार करून लिहिलेली आहे. म्हणून ती वाजवूनच रेकॉर्ड कर, हात वर ठेवून, बेंच न करकरता, एसी बंद. एडिटिंगला बसल्यावर रिकाम्या हॉलचा तुकडा घालून लांबी ठरवायची हे मला मान्य नाही.

टेक्स लांब घे. पियानोवादक श्नाबेलने १९३७ ला ए मेजर आणि १९३९ ला बी फ्लॅट रेकॉर्ड केला तेव्हा तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची, त्याला तुकडे करावेच लागले, तुला ती सक्ती नाही. प्रत्येक मूव्हमेंट दोनदा सलग, मग पॅच, म्हणजे चुकलेला तुकडा पुन्हा वाजवून जोडणं. ए मेजरच्या आंदांतिनोमधल्या (दुसऱ्या मूव्हमेंटमधल्या) त्या वादळात पॅच करूच नको, तिथे टेम्पो स्वतःच मोडत जातो आणि सांधा लगेच ऐकू येतो. मनासारखं झालं नाही तर अख्खं परत.

पहिला दिवस सी मायनरचा ठेव, पण त्याचा फिनाले, म्हणजे शेवटची मूव्हमेंट, दिवसाच्या शेवटी नको, सहा-आठच्या तालातली ती लांब दौड थकलेल्या हाताने होत नाही.

आणि बी फ्लॅटच्या फिनालेचा पहिला जी, तो उघडा ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत), नीट बघ. मधेच कुणीतरी हाक मारावी तसा येतो, धून भलत्याच सुरात सुरू होते, आणि हे पुन्हा पुन्हा घडतं, शेवटी प्रेस्टो, म्हणजे अतिजलद. इथे सुतकी चेहऱ्याने बसलीस तर मागची तीन मूव्हमेंट्स कितीही सुंदर झाली तरी सोनाटा पूर्ण होणार नाही. ही मूव्हमेंट सकाळी, झोप झालेली असताना घे.

पहिल्या दिवसाचे टेक्स एडिट न करता रात्री मला पाठव, मी ऐकून सकाळपर्यंत कळवतो.

तुझा,
सर