सुई मज्जारज्जूत घुसली तर? आणि डोक्या-पाठीचे बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी मेंदू आणि मणक्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, पत्रांचा ढीगच आला. निम्म्या पत्रांत घोळ एकच, पाठीचा कणा आणि मज्जारज्जू हे लोक एकच समजतात. कणा म्हणजे हाडं, एकावर एक रचलेले मणके. मज्जारज्जू म्हणजे त्या मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारी मऊ दोरी, साधारण करंगळीएवढी जाड. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : आईच्या पाठीतून पाणी काढायचं ठरलंय. सगळे सांगतात की सुई मज्जारज्जूला लागली तर पाय कायमचे जातात. परवानगीच्या कागदावर सही करू का नको?

सही करायची का नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण तपासणी कशासाठी करतायत ते त्यांना माहीत, मला नाही. पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. पण ही जी भीती आहे ना, तिचं उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. मज्जारज्जू कण्याच्या तळापर्यंत जातच नाही! मोठ्या माणसात तो साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याच्याखाली कणा भरपूर उरतो पण आत दोरी नसते.

असं का, तर आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते, मग कणा भराभर वाढतो आणि मज्जारज्जू मागे राहतो, जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळ असतं आणि पुढे आणखी वर गेल्यासारखं दिसतं. खरं तर तो वर जात नाही, कणाच खाली वाढत जातो. पण पायाच्या, लघवीच्या, शौचाच्या नसांना तर आपापल्या मणक्यातूनच बाहेर पडायचं असतं, मग त्या लांबच लांब खाली लोंबतात आणि त्यांचा झुबका होतो, ज्याला शरीररचनेत घोड्याची शेपटीच म्हणतात. मी शिकवते तेव्हा मुलांना तो झुबका बोटांनी हलवून बघायला सांगते, नसा सुट्या सुट्या असतात, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांसारख्या. सुई आली तर त्या बहुतेक वेळा बाजूला सरकतात. एखादीला टोक लागलंच तर पायात झटकन करंट गेल्यासारखं वाटतं, तसं झालं तर आईनी लगेच सांगायचं, डॉक्टर सुई थोडी मागे घेतात.

सुई कुठे टोचायची हे कसं ठरतं ते स्वतःच करून बघा. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हीकडचे काठ जोडणारी रेषा पाठीवरून नेली की ती साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सुई त्याच्या वरच्या नाहीतर खालच्या फटीत जाते, म्हणजे मज्जारज्जूचं टोक चांगलं वर राहतं.

नंतर डोकं दुखू शकतं, बसलं की वाढतं आणि आडवं पडलं की कमी होतं. त्याचं कारण खाली एका उत्तरात आलंय. ते फार दुखलं, किंवा ताप आला, पायात बळ वाटेना, तर मात्र लगेच कळवा.

प्रश्न : एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ ची गादी सरकलीय असं लिहिलंय, पण दुखतं मात्र पायाच्या अंगठ्यापर्यंत. रिपोर्ट दुसऱ्याचा तर नाही आला?

नाही हो, तुमचाच आहे! एल म्हणजे कमरेचे मणके, ते ५ असतात. चौथ्या आणि पाचव्यामधली गादी मागे सरकली की बहुतेक वेळा पाचवी नस दाबली जाते, आणि ती नस पायाच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरून पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्यापर्यंत जाते. दाब कमरेत, पण मेंदूला वाटतं की ती नस पायात जिथपर्यंत जाते तिथलंच दुखणं आहे. दाराची बेल दाबणारा बाहेर असतो, वाजते ती घरात, तसलंच काहीसं.

मानेत मात्र गंमत आहे, मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. कारण मानेतली पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून. तिथून खाली प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या खालून. सगळ्या मिळून ३१ जोड्या. परीक्षेत मुलं इथेच मार खातात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही मांड्यांच्या मध्ये, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, किंवा लघवी अडकली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ती वर सांगितलेली घोड्याची शेपटी दबली जातेय अशी शक्यता असते.

प्रश्न : बाबांना स्ट्रोक आला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही बंद झालं. पण डॉक्टर म्हणतात गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. आणि बाबांना आता आमचं काही कळत असेल का?

बाजू बरोबर आहे. हालचालीचा हुकूम डाव्या मेंदूतून निघतो, खाली लंबमज्जेपर्यंत येतो, म्हणजे मेंदूचा जो अगदी खालचा भाग कवटीच्या भोकाशी मज्जारज्जूला जोडला जातो तिथे, आणि तिथे १०० पैकी ८५ ते ९० तंतू पलीकडे जातात. त्यामुळे डावीकडचं बिघडलं की उजवी बाजू लुळी. दुखणं आणि गरम-गार कळवणारे तंतू मात्र इतकं थांबत नाहीत, ते मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या एक-दोन मणके वर जाईपर्यंत बाजू बदलतात. म्हणून मज्जारज्जू अर्धाच कापला गेला तर एका पायातलं बळ जातं आणि दुसऱ्या पायाला चटका कळत नाही! आणि लहान मेंदूचा हिशोब आणखी वेगळा, त्याचा उजवा भाग उजवंच अंग सांभाळतो.

बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं डावीकडे असतं. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या सर्जनकडे एक पेशंट होता, त्याला सांगितलेलं समजायचं पण तोंडातून निघायचं एकच, 'तान'. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात खराबी. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला, तो भाग थोडा मागे असतो, माणूस भराभरा बोलतो पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही नीट समजत नाही. बाबांचं नेमकं काय ते तपासूनच कळेल. पण शब्द निघत नाहीत म्हणजे समजत नाही असं नसतं, तेव्हा त्यांच्या समोर त्यांच्याबद्दल ते नसल्यासारखं बोलू नका. छोटी वाक्यं, हो-नाही मध्ये उत्तर देता येतील असे प्रश्न, आणि थोडा वेळ द्या. स्पीच थेरपीबद्दल लवकर विचारा.

प्रश्न : मेंदूत आणि मज्जारज्जूत करडा भाग बाहेर की पांढरा? मी दर वेळी पेपरात उलटं लिहितो.

पाठ करू नकोस, कारण समजून घे. करडं म्हणजे चेतापेशींची वस्ती, पांढरं म्हणजे त्यांच्या वायरी, ज्यांच्यावर चरबीचं आवरण असतं म्हणून पांढऱ्या दिसतात. मोठ्या मेंदूत पेशी वरच्या थरात राहतात, हा थर जेमतेम २ ते ४ मिलीमीटरचा, घड्या घालून बसवलेला, आणि वायरी आत. मज्जारज्जूत पेशी मधोमध, फुलपाखराच्या आकारात, आणि वर-खाली जाणाऱ्या वायरी बाहेरून. मानेजवळचा आडवा काप बघ, पांढरं भरपूर दिसेल कारण सगळ्या अंगाच्या वायरी तिथून जातात, खाली खाली जाशील तसं ते कमी होत जातं. आणि हो, मेंदूच्या आतही खोलवर करड्या गाठी असतात, तेवढं लिहिलंस तर तपासणारा खूश.

प्रश्न : मेंदूला दुखत नाही म्हणतात, मग डोकं का दुखतं?

मेंदूला खरंच दुखत नाही, म्हणूनच पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत काही ऑपरेशनं करता येतात. दुखतं ते भोवतीचं आवरण, रक्तवाहिन्या, मानेचे आणि डोक्याचे स्नायू. मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, पण तो पाण्यासारख्या द्रवात तरंगतो त्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमएवढा जाणवतो. हा द्रव एका वेळी १५० मिलीच्या आसपास, आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवीन बनतो. पाठीतून काढल्यावर सुईच्या भोकातून तो झिरपत राहिला तर मेंदू किंचित खाली बसतो, आवरण ओढलं जातं, आणि उठून बसलं की डोकं ठणकतं.

प्रश्न : डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, माझा पाय हललाच नाही. काळजी करू का?

एकट्या त्यावरून नाही. हातोडी गुडघ्याच्या वाटीखालच्या, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला ताण देते, निरोप कमरेच्या नसांतून मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच परत फिरतो, मेंदूला विचारायलाही कोणी जात नाही. पाय उडाल्याचं आपल्याला नंतर कळतं. आता, लक्ष देऊन पाय आवळून बसलं की तो हलत नाही. पुढच्या वेळी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि मारायच्या क्षणी जोरात बाहेर ओढा. बरेच 'न हलणारे' पाय तेव्हा टुणकन उडतात. तेव्हाही नाही हललं, एकाच बाजूचं नाही हललं, किंवा पायात बळ कमी वाटत असेल, तर पुढे काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.